मेहुण्याचा श्वास आणि माझं मत

मत देणं आमच्या पॅच कोव्हमध्ये कुणाला जड जात नाही. हवामानावर, पाद्रीबाबांच्या प्रवचनावर, शेजाऱ्याने घराला लावलेल्या रंगावर आम्ही दिवसभर मतं देत असतो. पण ती सगळी तोंडी. तोंडी मताचं एक बरं असतं, ते वाऱ्यावर जातं, आणि न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर वारा कधी कमी पडत नाही. लेखी मत मी जन्मात एकदाच दिलं. त्यानंतर माझ्याच घरात मला चहा विचारून मिळू लागला, म्हणजे मी विचारायचा आणि मग मिळायचा.

झालं असं की आमच्या खाडीत आदल्या वर्षी एका मालिकेचं चित्रीकरण झालं होतं. मालिकेच्या नावात धुकंही होतं आणि रक्तही. मंडळी टोरांटोहून आली, आणि आल्या आल्या त्यांनी मेल्विनचं दुकान, जे त्याने नुकतंच रंगवलं होतं, ते जुनं दिसावं म्हणून पुन्हा रंगवलं. मासळीचा कारखाना बंद पडल्यापासून गावात एवढी माणसं एका वेळी आली नव्हती. त्यामुळे कुणी काही बोललं नाही. उलट गावातल्या निम्म्या लोकांना कामं मिळाली. माझी बायको लोरेटा दोरीवर कपडे वाळत घालणारी बाई झाली. आणि तिचा भाऊ लॅम्बर्ट, म्हणजे माझा मेहुणा, प्रेत झाला.

लॅम्बर्टची निवड झोपेत झाली. दुपारच्या सुट्टीत तो किनाऱ्यावरच्या गोट्यांवर आडवा पडला होता. दिग्दर्शकबाई तिथून चालल्या होत्या, त्यांना वाटलं हा गेला. जवळ जाऊन पाहिल्यावर त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी ठरलेल्या नटाला परत पाठवलं. मग लॅम्बर्ट अंगावर शेवाळ घेऊन गार पाण्याच्या कडेला पडून राहिला आणि संध्याकाळी घरी आला तो कलावंत होऊन. तेव्हापासून तो चहाचा कप करंगळी बाहेर काढून धरू लागला.

मालिका आली. ती आम्ही सगळ्यांनी आपापल्या घरी पाहिली, आणि मग एकमेकांच्या घरी जाऊन पुन्हा पाहिली. शेवटचा भाग संपला आणि पडद्यावर अक्षरं आली : तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. मी ती दोनदा वाचली. लिहाय-वाचायला मी उतारवयात शिकलो, त्यामुळे लिहिलेलं काहीही मला खरं वाटतं. शिवाय माझं मत मोलाचं आहे हे वाक्य या घरात याआधी कुणी उच्चारलेलं नव्हतं. मी लोरेटाकडे पाहिलं. ती विणकामात होती.

मी मालिकेच्या वेबसाइटवर पाचपैकी तीन तारे दिले आणि लिहिलं : बरी आहे.

माझं मत एवढंच होतं. पण वेबसाइटला ते पुरेना. तिने कळवलं की मत फारच लहान आहे, अजून इतकी अक्षरं लिहा. आकडा मोठा होता. मी लिहिलं : बरी आहे, पण शेवट बरा नाही. आकडा जरा कमी झाला. आता सभ्य माणूस इथे थांबला असता. पण मोलाचं म्हणून मागितलेली वस्तू अर्धवट देणं मला प्रशस्त वाटेना.

दुसऱ्या दिवशी पोस्टात बर्नडेटला विचारलं. बर्नडेट आमची पोस्टमास्तरीण. गावात इंटरनेटचं काहीही अडलं की तिच्याकडे जायचं. ती म्हणाली, "सिरिलकाका, तपशील घाला. लोकांना तपशील आवडतो." मेल्विन तिथे तिकिटं घ्यायला आला होता. तो म्हणाला, दुकानाचा उल्लेख कर. कुणीतरी म्हणालं, चांगलं आधी लिही. मी सगळ्यांचं ऐकलं, हीच माझी चूक.

चांगलं आधी लिहिलं. पहिले दोन भाग उत्तम. समुद्र खरा. पोलीसबाईंचे दमलेले डोळे खरे, मेलेल्याची आई काही न बोलता खिडकीशी बसते तो प्रसंग तर फारच खरा, तो पाहताना मी नाक शिंकरलं. एवढं लिहूनही आकडा शिल्लकच होता. मग नाइलाजाने खोटं काय ते लिहायला घेतलं, आणि काय सांगू, हात जो सुटला तो सुटलाच.

मी लिहिलं की खुनी गावाच्या मधोमध एका शेडमध्ये लपून राहतो आणि कुणाला पत्ता लागत नाही, हे अशक्य आहे. मी मेल्विनच्या दुकानातून पांढऱ्याऐवजी काळा पाव घेतला तर मी घरी पोचायच्या आत कुणीतरी फोन करून लोरेटाला माझ्या पोटाची चौकशी करतं. मी लिहिलं की नायक एका भूशिरावरून होडी वल्हवत निघतो आणि पुढच्याच क्षणी ज्या भूशिराला पोचतो, तिथे जायला मोटारीने अर्धा दिवस लागतो. लिहिलं की सगळे जण समुद्री चाच्यांसारखं बोलतात. की एवढ्या भागांत कुणी एकदाही जेवत नाही. की कपडे वाळत घालणारी बाई रविवारी कपडे वाळत घालते, मागे चर्चची घंटा वाजते आहे, आणि आमच्याकडे रविवारी दोरीवर साधा मोजा दिसला तरी घराण्याचं नाव जातं. की शेवटी खुनी कोण निघतो, तर मेलेल्याचा जुळा भाऊ, ज्याच्याबद्दल आधी कुणी चकार शब्द काढलेला नाही; ही प्रेक्षकांची फसवणूक आहे.

तरीही थोडी अक्षरं उरलीच. अगदी थोडी. एका वाक्याची. मी डोकं खाजवलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि लिहिलं : पहिल्या भागातलं प्रेत श्वास घेतं, त्याचं पोट बघा.

हिरवी खूण आली. मत स्वीकारलं गेलं. मी समाधानाने झोपलो.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचा प्रसंग किती भयंकर होता ते कळणार नाही. आमच्याकडे कुणी दार वाजवत नाही. स्वयंपाकघराचं दार ढकलायचं, आत यायचं, बसायचं. घरात कुणी नसेल तर किटली आपणच ठेवायची. दार वाजवतात ते पोलीस, करवसुलीवाले आणि देवाबद्दल पत्रकं वाटणारे. त्यामुळे शुक्रवारी सकाळी आमच्या दारावर टकटक झाली तेव्हा लोरेटाच्या हातातून चमचा पडला. कोण गेलं, असं पुटपुटत तिने दार उघडलं.

दारात तिचा सख्खा भाऊ उभा होता.

लॅम्बर्ट पायपुसण्याच्या पुढे आला नाही. माझ्याकडून कधीकाळी नेलेला ड्रिल, एक जाळं आणि लोरेटाची केकची थाळी त्याने खाली ठेवली. मग माझ्याकडे न बघता बहिणीला म्हणाला, "त्याला सांग, उद्या होडीत मेल्विन येतोय."

आणि गेला.

हे वाक्य काय होतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. उन्हाळ्यात आठवड्याच्या शेवटी सरकार आम्हाला घरापुरता कॉड मासा धरू देतं. होडी लॅम्बर्टची. पण मासा कुठे आहे ते माझ्या डोक्यात. चर्चचा कळस काळ्या खडकाच्या रेषेत आला आणि मेल्विनच्या दुकानाचं छप्पर टेकडीआड गेलं की गळ सोडायचा. हे लॅम्बर्टला माझ्या वडिलांनीही शिकवलं, मीही शिकवलं, त्याच्या डोक्यात ते राहत नाही. त्याच्याकडे होडी आणि माझ्याकडे जागा, अशी आमची जोडी. माझी स्वतःची होडी मी गुडघ्यांमुळे विकून टाकली होती. त्या होडीतली मागची बैठक म्हणजे माझ्यापाशी समुद्राचं जे काही उरलं होतं ते सगळं. आणि तिथे आता मेल्विन बसणार होता, ज्याला अंघोळीच्या पाण्यातही मळमळतं.

मी शांतपणे चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. बर्नडेटने माझं मत कौतुकाने गावाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकलं होतं. गावातल्या प्रत्येकाने पहिला भाग पुन्हा लावून लॅम्बर्टचं पोट पाहिलं होतं. आणि ते खरोखर हलत होतं. एकदा कळल्यावर दुसरं काही दिसतच नव्हतं. पोरंसोरं त्याला रस्त्यात विचारू लागली होती की लॅम्बर्टकाका, आज श्वास कसा आहे.

लोरेटा म्हणाली, "तुला दुसरं काही सुचलं नाही?"

मी म्हटलं, अक्षरं कमी पडत होती.

"मग तुझं नाव आणखी एकदा लिहायचं होतंस. आणि मी रविवारी कपडे वाळत घालते, हे जगाला सांगायची काय गरज होती?"

मी म्हटलं, नाव कुठे लिहिलं तुझं. ती म्हणाली, दोरीवर तुझीच अंतर्वस्त्रं होती, ती सगळं गाव ओळखतं.

मत मागे घ्यायचं ठरवलं. हे सोपं असेल असं मला वाटलं होतं, यावरून मला जगाचा अनुभव किती कमी आहे ते दिसतं. वेबसाइट म्हणाली, मत बदलता येईल, काढता येणार नाही. आणि बदलण्याआधी तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करा. खाली छोटी छोटी चित्रं होती. ज्यांत होडी आहे ती निवडा.

मला हायसं वाटलं. दुसरं काही विचारलं असतं तर मी अडलो असतो. होडी म्हणजे माझा जन्म. मी चष्मा पुसला. पहिलं चित्र प्रवासी जहाजाचं, म्हणजे होडी नव्हे. दुसरा माल वाहणारा तराफा, त्याला होडी म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. तिसऱ्यात वल्ह्यांची होडी, ठीक. चौथ्यात एक पांढरा तरंगता बंगला होता, श्रीमंत लोक त्यावर दारू पितात. मी फक्त तिसरं निवडलं. वेबसाइट म्हणाली, चूक, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा चित्रं आली. मी पुन्हा नीट तपासून निवड केली. पुन्हा चूक. असं बराच वेळ चाललं. शेवटी वेबसाइटने जाहीर केलं की मी माणूस आहे याची खात्री पटत नाही. लॅम्बर्टचंही साधारण तेच म्हणणं होतं, त्यामुळे मनाला जास्तच लागलं.

मदतीचा फोन नंबर होता. तिथे एक गोड आवाजाची बाई म्हणाली की तुमची तक्रार कशाबद्दल आहे ते एका शब्दात सांगा. मी म्हटलं, मेहुणा. ती म्हणाली, समजलं नाही. बरोबर आहे, मलाही तो अजून समजलेला नाही.

अखेर बर्नडेट घरी आली. फेरीबोटीवर पाऊल ठेवलं की उलटी करणारी ही बाई. तिने जे जे तरंगताना दिसलं ते सगळं धडाधड दाबलं आणि एका झटक्यात माणूस ठरली. मग आम्ही वाक्य सुधारायला बसलो. काढून टाकलं तर अक्षरं कमी पडत होती, म्हणून बर्नडेटने सुचवलं की त्यालाच मऊ करू. तिथे आम्ही लिहिलं : प्रेत श्वास घेतं, पण फार शांतपणे आणि सुंदर घेतं, आणि त्यामागे नक्कीच काही कारण असेल. ते मी लॅम्बर्टला बरं वाटावं म्हणून लिहिलं. कारण एवढंच होतं की त्याला भूक लागली होती.

पण बदललेलं मत वेबसाइट नव्यासारखं सगळ्यात वर लावते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मालिका पाहणारी माणसं जगात कुठेकुठे असतात कोण जाणे, ती खडबडून जागी झाली. हा माणूस त्याच गावचा आहे, त्याने आधी एक लिहिलं, मग घाईने बदललं, म्हणजे त्याला कुणीतरी दटावलंय. म्हणजे प्रेत मेलेलंच नाही. म्हणजे जुळा भाऊही खोटा. ओहायोमधल्या एका बाईने तर श्वास मोजून त्यातून काही गुप्त संदेश निघतो का ते तपासलं. मला वाईट वाटलं ते याचं, की शेवट फसवा आहे हे माझं मुख्य मत कुणी वाचलंच नाही.

जुलैत ती ओहायोची बाई नवऱ्याला घेऊन गाडीने आली. मग आणखी गाड्या आल्या. आधी लॅम्बर्ट शेडमध्ये लपला. तिथून तो भुकेने बाहेर आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तो लपला नाही. मेल्विनने दुकानाबाहेर पाटी लावली : प्रेत इथे पाव घेतं. आणि पानगळीच्या सुमाराला टोरांटोहून फोन आला की पुढच्या हंगामात प्रेत झालेला तो कोळी शुद्धीवर येणार आहे, त्याला संवाद आहेत, लॅम्बर्टने यावं.

गाव एका रात्रीत बदललं. आता ज्याला विचारावं त्याला श्वास सगळ्यात आधी दिसलेला होता. लोरेटा म्हणाली की तिला तर चित्रीकरणाच्या दिवशीच दिसला होता. माझं नाव कुणी घेईना. आणि लॅम्बर्ट दुकानात उभा राहून सांगू लागला की तो श्वास मुद्दाम होता. दिग्दर्शकबाई जरा पलीकडे बघत असताना त्याने तो भूमिकेत घातला. मला वाटलं, आता तरी राग जाईल. पण नाही. पूर्वी मी त्याचं काम बिघडवलं म्हणून तो रागावला होता, आता मला ते काम कळलं नाही म्हणून रागावला. मेल्विन होडीत बसतच राहिला. जिथे तळाला नुसती वाळू, तिथे दोघं गळ सोडून बसायचे. मी किनाऱ्यावरून बघायचो. कळस त्यांना खडकाच्या कितीतरी उजवीकडे दिसत असणार. ओरडून सांगावंसं वाटायचं, पण लेखी असो की तोंडी, माझी मतं मी आवरती घेतली होती.

दुसऱ्या हंगामाचा पहिला भाग चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून बघायचा असं ठरलं. रविवारी दुपारी, कडा कापलेले सँडविच, डब्यातल्या दुधाचा चहा. निघताना लोरेटाने मला तीन गोष्टींची परवानगी दिली : छान म्हणायचं, फार छान म्हणायचं, किंवा तोंडात सँडविच ठेवायचं.

लॅम्बर्ट पुढच्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात बसला होता. मला त्याची फक्त मान दिसत होती. दिवे गेले. पडद्यावर रुग्णालय, खाट, आणि खाटेवर लॅम्बर्ट. त्याने डोळे उघडले आणि विचारलं, मी कुठे आहे. ते त्याने असं विचारलं, जसं कुणी फेरीबोटीच्या धक्क्यावरची सूचना मोठ्याने वाचतं. मग तो उठून चालला, आणि ते पाय दुसऱ्याचे वाटत होते. मग समुद्राकडे पाहून चाच्याच्या आवाजात त्याने एक लांबलचक वाक्य म्हटलं. ज्याला मी जन्मभर ओळखतो, ज्याचा शिव्या देतानाचा आवाजही मला धुक्यातून ओळखू येतो, तो माणूस त्यात कुठेच नव्हता. त्या अंधारात माझा सगळा राग गेला. मला त्याची काळजी वाटली.

दिवे लागले. टाळ्या कडकडल्या. मेल्विन म्हणाला, बक्षीस मिळणार. बर्नडेटचे डोळे भरून आले होते. पाद्रीबाबांनीही दोन शब्द सांगितले, म्हणजे पुष्कळ. मी ठरल्याप्रमाणे सँडविच तोंडात ठेवलं.

तेवढ्यात लॅम्बर्ट गर्दीतून सरळ माझ्याकडे आला. हातात चहा होता, पण करंगळी आत होती. कंपनीला तो पुढचा अख्खा उन्हाळा हवा आहे, शहरात राहायचं, शनिवार-रविवारही सुट्टी नाही, असं त्याने सांगितलं. सगळे म्हणतात जा. सही उद्या करायची आहे.

"तू काय म्हणतोस?" त्याने विचारलं. "लिहू नकोस. तोंडी सांग."

लोरेटाने माझ्या पायावर पाय दिला. मी सँडविच चावलं, गिळलं, तोंडात आणखी चावायला काही उरलं नाही. छान हा शब्द जिभेच्या टोकावर होता. तो म्हटला असता तर लॅम्बर्ट खूश होऊन शहरात गेला असता. न म्हणावा, तर पुन्हा दार वाजलं असतं, किंवा तेही वाजलं नसतं. दोन्हीकडून होडी गेलीच होती. म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघून सांगितलं.

"लॅम्बर्ट, तू मेलेला होतास तेव्हा जास्त जिवंत होतास."

लोरेटाने डोळे मिटले. लॅम्बर्ट माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, मेल्विनकडे, बर्नडेटकडे, पाद्रीबाबांकडे, जणू एवढ्या सगळ्यांत एकालाही खरं सांगायला तोंड नव्हतं. कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि शर्टाचं वरचं बटण सोडलं.

"मला ते बघताना घाम फुटला," तो हळू आवाजात म्हणाला. "मी म्हटलं, हे सगळे बरोबर असतील आणि मीच चुकत असेन."

मी म्हटलं, पहिले दोन भाग मात्र उत्तम होते. हे त्याला आवडलं की नाही ते कळलं नाही. तो खिडकीतून खाली धक्क्याकडे बघू लागला, जिथे त्याची होडी बांधलेली असते.

"कळस कशाच्या रेषेत आणायचा म्हणालास?" त्याने विचारलं.

"ते तुला सांगून काय उपयोग," मी म्हटलं. "मी बसेन ना मागे."

"बस," तो म्हणाला, आणि माझ्या ताटलीतलं उरलेलं सँडविच उचलून खाऊ लागला.